उतारासाठीचा राखीव निधी



एके काळी आपल्याकडे सायकल हे ओढगस्तीचे लक्षण समजले जाई. आज अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्यावर किंवा अकोल्याबाहेर पातूरच्या दिशेने पहाटे जे सायकलस्वार दिसतात, त्यांत डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक आणि माझ्यासारखे निवृत्त लोकही असतात. जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली, एकवीस गिअरची डोंगरी सायकल बहुधा मुलासाठी घरात येते. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला की वडील तिच्यावरची धूळ झटकतात. दोन-तीन महिने सपाट रस्त्यावर सराव झाला की मित्रमंडळींत विषय निघतो, 'एकदा चिखलदरा करून येऊ.' संकल्प उत्तमच आहे. मात्र त्यावरची सारी चर्चा चढाभोवती फिरते : दम पुरेल का, पाय दुखतील का, किती तास लागतील. या महिन्यात मला लिहावयाचे आहे ते उताराविषयी.

चढावर दम संपला तर खाली उतरून सायकल हाती धरून चालता येते. फार तर सोबत्यांची थोडी थट्टा सोसावी लागते. उतारावर ब्रेक निकामी झाला, हात बधिर झाले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तशी सवलत मिळत नाही. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ याच्या सतराव्या कलमानुसार बँकेला नफ्यातील किमान २० टक्के रक्कम लाभांश जाहीर करण्यापूर्वीच राखीव निधीत वर्ग करावी लागते. उरले तर ठेवू, असा तो हिशेब नाही. आधी ठेवायचे आणि मग वाटायचे. डोंगरात सायकल नेणाऱ्याने आपल्या बळाचा, पाण्याचा, वेळेचा आणि ब्रेकचा हिशेब याच रीतीने मांडावा, एवढेच माझे सांगणे आहे.

घाटातील उष्णतेचा हिशेब

या खेळाचा जन्मच मुळी उतारावर झाला. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात, काही तरुण जुन्या जड सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडत. १९७६च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी तेथे पहिली शर्यत घेतली. त्या वाटेचे नाव पडले 'रिपॅक'. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. एका उतारात तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच ते नाव आले. पुढे गिअर सुधारले, सस्पेन्शन आले, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्टही झाला. परंतु उतारावर निर्माण होणाऱ्या उष्णतेचे काय करावे, हा प्रश्न तोच राहिला.

आपल्या घाटाला तो लावून पाहू. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, तर चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर आहे. घाटातील उतार आपण ७०० मीटरच धरू. स्वार, सायकल, पाणी आणि पिशवी मिळून वजन ८५ किलो धरले, तर खाली येताना सुमारे ५ लाख ८३ हजार ज्यूल इतकी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. साध्या भाषेत, साधारण पावणेदोन लिटर पाणी उकळण्यास पुरेल एवढी ही उष्णता आहे. तिचा काही भाग वारा आणि रस्त्याचे घर्षण घेते, उरलेला ब्रेकच्या वाट्याला येतो. वेग जितका कमी, तितका वाऱ्याचा वाटा कमी. म्हणून जो भित्रा स्वार ब्रेक सतत अर्धवट दाबून धरत हळूहळू उतरतो, त्याचे ब्रेक सर्वांत अधिक तापतात. त्याला वाटते आपण सावधपणे चाललो आहोत; प्रत्यक्षात तो ब्रेकला श्वास घ्यायला उसंत देत नाही.

योग्य रीत अशी. वळण येण्यापूर्वी, रस्ता सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि मग हात सैल करावा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नये, विशेषतः रस्त्यावर वाळू-खडी असेल तर पुढचा ब्रेक मुळीच दाबू नये. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो. म्हणूनच तो सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोकादायकही आहे. कोणत्या हाताचा दांडा कोणत्या चाकाचा आहे हे सायकलीगणिक बदलू शकते. दुसऱ्याची सायकल घेतली तर पहिल्या दहा पावलांत ते पाहून घ्यावे. उतरताना दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपर सैल आणि अंग थोडे मागे असावे. शक्य असल्यास सीट दोन बोटे खाली घ्यावी. घाटाच्या मध्यावर दहा मिनिटे थांबावे. थांबल्यावर डिस्कला बोट लावून पाहू नये, भाजते. आणि तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतू नये, ती वाकडी होण्याचा संभव असतो.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

माझ्या परिचयातील एक गृहस्थ, वय एकसष्ट, घाट उत्तम चढले. उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेकने साथ सोडली आणि त्यांचे गळपट्टीचे हाड मोडले. नंतर पाहिले तर डिस्कचे पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले होते. काही शंभर रुपयांच्या पॅडसाठी शस्त्रक्रिया, तीन महिने घरी बसणे आणि घरच्यांनी कायमचा घातलेला निर्बंध, अशी ती किंमत झाली. ते ब्रेक एका दिवसात झिजले नव्हते. हिशेबाच्या भाषेत यालाच घसारा म्हणतात; तो रोज होतो, पण वही उघडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे काढावीत. डिस्कच्या पॅडवरील लेप एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर पॅड बदलावेत. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर त्यांच्या रबरावरील खाचा पाहाव्यात. त्या पुसल्या गेल्या असतील तर रबराचे आयुष्य संपले. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबला असता तो हँडलला टेकता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर ते आवळून घेतल्याशिवाय घाटात जाऊ नये. चाक उचलून फिरवावे आणि ते डोलते का पाहावे. चाक झटपट काढण्याची कळ असलेल्या सायकलीत ती कळ नटासारखी नुसती फिरवून चालत नाही. बंद करताना तळव्यावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. तेलावर चालणारे ब्रेक असतील तर त्यांत काय घालायचे ते दुकानदारास नेमके विचारावे. काहींना खनिज तेल लागते, काहींना डॉट प्रकारचे द्रव. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबरी भाग खराब होतात.

चेनचा घसारा तर साध्या फुटपट्टीने मोजता येतो. चेनच्या दोन खिळ्यांत अर्धा इंच अंतर असते, म्हणजे २४ कड्यांत बरोबर १२ इंच. एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरून पुढे पाहावे. चोविसावा खिळा १२ इंचांपुढे एक षोडशांश इंच सरकला असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच सरकेपर्यंत वाट पाहिली, तर तोवर मागच्या चक्रांचे दातेही झिजलेले असतात आणि खर्च चेनपुरता राहत नाही.

काय घ्यावे, काय घेऊ नये

नवी सायकल घेताना आपले लोक प्रथम गिअर मोजतात आणि मग सस्पेन्शनच्या स्प्रिंगकडे पाहतात. कमी किमतीच्या सायकलीला मागेही स्प्रिंग असेल तर ती टाळावी. तिने वजन वाढते आणि चढावर पायांचा बराच जोर ती स्प्रिंगच गिळते. त्याऐवजी चांगले ब्रेक, योग्य मापाची फ्रेम आणि भरवशाचे टायर यांवर पैसा घालावा. फ्रेमवर दोन्ही पाय टेकून उभे राहिले असता मधल्या दांड्यापासून दोन इंच तरी मोकळे अंतर असावे. सीटवर बसून पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा. ही सीटची उंची. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी सीट ठेंगणी असल्यामुळे असतात, असा माझा अनुभव आहे.

गिअरच्या संख्येपेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे पाहावे. जुन्या काळ्या सायकलीत पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. डोंगरी सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ दाते असतील, तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. तीच चढण, पण एकदम रक्कम भरण्याऐवजी तीन हप्त्यांत. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी सहा किलोमीटरांच्या थोडा पुढे राहतो. त्यात कमीपणा मानू नये. गिअर चढ लागण्यापूर्वीच बदलावा. पायाचा पूर्ण जोर असताना बदलल्यास चेन अडकते किंवा तुटते.

हेल्मेट सायकलीचेच घ्यावे. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी या मानकाची खूण असते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून साबूत दिसले तरी बदलावे. ते कपाळावर दोन बोटांच्या उंचीवर बसावे. डोक्याच्या मागे सरकवलेले हेल्मेट हे न भरलेल्या विमा हप्त्यासारखे असते.

आपली माती, आपले काटे

परदेशी पुस्तकांतील सल्ले आपल्या पांदणींना लागू पडतीलच असे नाही. वऱ्हाडची काळी माती पाऊस पडताच फुगते आणि टायरला अशी लिपते की पुढच्या चिमट्यात चाक फिरेनासे होते. अशा वेळी जोर करू नये. गिअरची मागची यंत्रणा वाकते. पाऊस थांबल्यावर दोन दिवस ऊन पडू द्यावे आणि मग पांदणीने जावे. ओल्या पांदणीत पडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर दगडासारख्या कडक होतात आणि त्यांचा त्रास बैलगाडीने वावरात जाणाऱ्या शेतकऱ्याला होतो. ओल्या मातीवर असंख्य जीवही असतात. या दोन्ही कारणांस्तव पावसाळ्यात डांबरी रस्ता बरा.

पावसाळा सरला की सराटे आणि बाभळीचे काटे पुढे येतात. पंक्चर झाले की नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधावा. तो आतच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. बोटाने शोधू नये. ट्यूबमध्ये भरण्याचे द्रव मिळते. बारीक छिद्रे ते आपोआप बुजवते आणि आपल्या भागात ते पैसा वसूल करून देते. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर खेड्यातील दुकानातही हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर जोडणीचा छोटा तुकडा जवळ ठेवावा. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराने सव्वादोन इंची टायरमध्ये कच्च्या वाटेवर ३० ते ३५ पीएसआय आणि डांबरी रस्त्यावर ४५च्या आसपास हवा ठेवावी; टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नये.

पिशवीत एक नवी ट्यूब, ठिगळे आणि सोल्यूशन, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंप, चार-पाच-सहा मिलिमीटरच्या षटकोनी किल्ल्या आणि चेन जोडण्याची एक कडी असावी. टायर फाटला तर आतून घडी केलेली नोट लावतात, असे अनेक जण सांगतात. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे कसे रुचावे? जुन्या टायरचा दोन इंची तुकडा तेच काम अधिक चांगले करतो.

वाटांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प आहे आणि अकोट तालुक्यातील नरनाळा किल्लाही अभयारण्याच्या हद्दीत येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. म्हणून रस्ता सोडून पायवाटेला सायकल घालू नये. अमरावतीलगतच्या पोहरा-मालखेडच्या जंगलातही बिबट्याचा वावर आहे. तिकडे उजाडल्यावरच आणि दोघा-चौघांनी मिळून जावे. चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी वाहनांची गर्दी असते आणि पावसाळ्यात धुके रस्ता झाकून टाकते. आडवाराची कोरडी सकाळ निवडावी, मागे लाल दिवा लावावा. अकोलेकरांनी प्रथम पातूरच्या घाटात ब्रेकचा सराव करावा आणि मगच सातपुड्याकडे वळावे. पहिल्या खेपेस परतवाड्यापर्यंत वाहनाने जाणे शहाणपणाचे. अमरावतीपासूनचे पन्नासएक किलोमीटर पायांतून वजा झाले, तर घाटासाठी शिल्लक काय राहील?

शरीराची शिल्लक

साठीनंतर घाट चढण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे वाक्य सर्वांना पाठ असते. त्यातील तपशील मात्र ठाऊक असावा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळी चालू असेल तर नाडी औषधामुळेच मंद राहते. २२० मधून वय वजा करण्याचे प्रसिद्ध सूत्र अशांना लागू पडत नाही. त्यांनी साधी कसोटी वापरावी : चढताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकाएकी उतरू शकते; खिशात साखर किंवा गूळ हवाच, आणि सोबत्याला तो कुठे आहे हे ठाऊक हवे. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबून मदत मागवावी. 'वर पोहोचून पाहू' हे वाक्य घातक आहे.

सरावासाठी आठ आठवडे धरावेत. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास, चौथ्या दिवशी थोडा लांबचा पल्ला. तो दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. उतरताना मनगटे आणि खांदे सर्वांत आधी थकतात, म्हणून रबरी चेंडू दाबणे आणि भिंतीला हात टेकून दंड काढणे हेही सरावातच धरावे. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते. त्यामुळे हृदय आणि पाय सुधारतात, पण हाडांना मजबुती फारशी मिळत नाही. चालणे सोडू नये, भगिनींनी तर मुळीच नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्या घरांत जरा वेगळा आहे. आपल्यापैकी अनेकांचा चौविहार असतो आणि सकाळी नवकारशी. म्हणजे सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणी नाही. ऋतुमानानुसार हा काळ साडेअकरा ते चौदा तासांचा होतो. नियम ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने पाळावा. त्या दिवशी सायकलीची वेळ मात्र बदलावी : नवकारशी पारून, दोन पेले पाणी घेऊन, अर्ध्या तासाने निघावे आणि सपाट रस्ता धरावा. उपवास, आयंबिल आणि पारण्याच्या दिवशी घाट नको. एरवी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती मिश्रण कोणत्याही रंगीत पेयापेक्षा सरस आहे. चमचा चहाचा, वाढणीचा नव्हे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा आठच्या आत घरी परतावे. घाम येणे थांबले, डोके भणभणले किंवा बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात समजून सावली, ओले फडके आणि दवाखाना, या क्रमाने धावपळ करावी.

राहिला शेवटचा आकडा. घाटाच्या पायथ्याशी जेवढे पाणी आणि जेवढा वेळ हाती असेल, त्याचा एक तृतीयांश भाग परतीसाठी बाजूला ठेवावा आणि तो संपला असेच समजावे. उरलेल्या दोन भागांत माथा आला तर उत्तम. न आला तर जेथे असाल तेथून वळावे. चिखलदरा पुढच्या महिन्यातही तेथेच असेल.

हा अंक वाचून झाल्यावर घरातील सायकल एकदा उजेडात घ्या. स्वतःची असो वा नातवाची, तिच्या ब्रेकचे पॅड किंवा रबर किती उरले आहे ते पाहा. झिजले असेल तर उद्याच बदलून घ्या. घाटाचा बेत त्यानंतर ठरवता येईल.